उजवीकडे जायचंय? मग डावीकडे थांबा

मेलबर्नमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. उजवीकडे वळायचे असेल तर एरवी मोटार रस्त्याच्या मध्याशी थांबते. तिथे मध्यावर ट्रामचे रूळ आहेत. एक मोटार अडली की मागची भरलेली ट्राम अडते, आणि ट्रामला काही बाजूने निघता येत नाही. म्हणून शहराच्या मध्यवस्तीत अनेक चौकांत नियमच उलटा: डाव्या कडेने चौकात शिरा, पलीकडच्या टोकाशी थांबा, ज्या रस्त्याला लागायचे त्याचा सिग्नल हिरवा झाला की उजवीकडे वळा. याला ‘हूक टर्न’ म्हणतात. एक लिपी उजवीकडून, दुसरी डावीकडून रोज फळ्यावर लिहिणाऱ्या मलाही हे कागदावर रेखाटल्यावरच उमगले.

ट्राम मोटारींच्या वाटेत येते, ही तक्रार तेव्हा शहरोशहरी होती. सिडनीने १९६१ मध्ये ट्राम बंद केली. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. मेलबर्नच्या ट्राम मंडळाचे अध्यक्ष रॉबर्ट रिसन मात्र १९४९ ते १९७० ट्रामची बाजू लढवत राहिले. तिथे थांबायचे ते मोटारीने, आणि मला हाच न्याय वाटतो. आज तिथले ट्रामचे जाळे सुमारे २५० किलोमीटरचे आहे. सिडनीने २०१९ मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर पुन्हा ट्राम सुरू केली, रूळ नव्याने टाकून.