विषपेप्टाइडे आणि आयनमार्ग

सर्प, विंचू इत्यादी जीवांच्या विषातील लहान प्रथिने. पेशीच्या आवरणातून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे विद्युत्भारित कण ज्या प्रथिनमय छिद्रांतून ये-जा करतात, त्या आयनमार्गांपैकी विशिष्ट एकालाच गाठून तो बंद करण्याचे अथवा अवेळी उघडा ठेवण्याचे सामर्थ्य यांपैकी पुष्कळांत असल्यामुळे, भक्ष्य मारण्यासाठी उत्क्रांत झालेले हे पदार्थ शरीरक्रियाशास्त्राचे अत्यंत सूक्ष्म हत्यार ठरले आहेत.

पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या माणसास मण्यार चावतो, तेव्हा दंशस्थानी बहुधा ना सूज येते, ना वेदना. पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, वाचा जड होते आणि शुद्ध शाबूत असतानाच श्वसनाचे स्नायू निकामी होऊ लागतात. याच मण्यारचा तैवानमधील भाऊबंद असलेल्या सापाच्या विषातून चांग व ली यांनी १९६३ साली अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळे केले. ७४ अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड स्नायूवरील अ‍ॅसिटिलकोलीन-ग्राहीस, जो स्वतःच एक आयनमार्ग आहे, इतके घट्ट चिकटते की १९७० च्या सुमारास विद्युत्-मत्स्याच्या ऊतकातून तो ग्राही हुडकून काढताना संशोधकांना त्याचाच आधार झाला. चेतासंदेश घेणारा ग्राही प्रथमच हाती लागला तो अशा रीतीने, सापाच्या कृपेने.

विंचवाचे दप्तरही रिते नाही. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, कुप्रसिद्ध असलेल्या लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये मिळालेले ३७ अमिनो आम्लांचे आयबेरिओटॉक्सिन कॅल्शियमने चेतणाऱ्या मोठ्या पोटॅशियम-मार्गाच्या बाह्य मुखाशी बुचासारखे बसते, आणि इतर मार्गांना सहसा हात लावत नाही. म्हणूनच तो मार्ग कोठे व कशासाठी आहे याची खातरजमा करण्यास ते आजही वापरतात. पश्चिम आशियातील एका विंचवाचे विष वापरून, त्याला दाद देणारे व न देणारे घटक एकत्र मिसळून, रॉडरिक मॅकिनन यांनी १९९१ मध्ये पोटॅशियम-मार्ग चार घटकांचा असतो हे दाखविले. २००३ च्या नोबेल पारितोषिकाकडे नेणाऱ्या कार्यातील ही आरंभीची पायरी होय. लाल विंचवाच्या दंशाने सोडियम-मार्ग उघडे राहून हृदयावर जो ताण येतो, त्यावर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसीनचा इलाज रूढ केला, हे येथे नोंदविणे अगत्याचे आहे.

रुग्णशय्येशी या ज्ञानाचा संबंध दूरचा नाही. नागविष मुख्यतः स्नायूवरील ग्राहीच अडवीत असल्याने निओस्टिग्मीन या औषधाने नागदंशात आराम पडू शकतो. मण्यारविषातील दुसरा घटक मात्र चेतातंतूची टोकेच उद्ध्वस्त करतो, तेव्हा औषधाला पकडण्यास तेथे फारसे काही उरत नाही, आणि उशिरा दिलेले प्रतिविषही झालेली हानी भरून काढीत नाही. सबब मण्यारदंशात प्रतिविष लवकर देणे आणि टोके पुन्हा वाढेपर्यंत कृत्रिम श्वास चालू ठेवणे, हेच खरे उपचार होत.