बार्शीची नोंदवही आणि चौथा गट

१/ बार्शी म्हटले की भगवंताचे मंदिर आठवते, बार्शी लाइट रेल्वे आठवते. जगभरातील कर्करोगतज्ज्ञांना मात्र सोलापूर जिल्ह्यातील हे गाव निराळ्या कारणाने ठाऊक आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एका मोठ्या चाचणीची पायाभरणी येथे झाली. त्या चाचणीने जगाला एक उत्तर दिले आणि एक प्रश्नही मागे ठेवला. आजचा धागा त्या दोहोंविषयी.

२/ सन १९८७. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरात रुग्ण रुग्णालयात येतो आणि नोंद होते. खेड्यातील रुग्ण बहुधा घरीच मरतो आणि मृत्यूचे कारणही त्याच्यासोबत जाते. म्हणून येथे नोंदवहीच रुग्णाकडे गेली. कार्यकर्ते गावोगाव फिरत, लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयितांना बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात तपासणीसाठी येण्यास प्रवृत्त करीत. डॉ. बी. एम. नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही या कामातील अग्रगण्य नावे.

३/ या नोंदींतून दिसले की स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक आहे. आणखी एक गोष्ट दिसली. गावात या रोगाविषयी बोलणे सुरू झाले, तसे रुग्ण आधीच्या अवस्थेत येऊ लागले. १९९५ साली हा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोणतेही यंत्र न आणता, केवळ संवादाने झालेला हा बदल होता.

४/ पुढचा प्रश्न असा: लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग पकडायचा, तर खेड्यात कोणती तपासणी उपयोगी ठरेल? पर्याय तीन होते. पेशींची पॅप तपासणी. सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. आणि रोगाला कारणीभूत असणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा शोध.

५/ ऑक्टोबर १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात चाचणी सुरू झाली. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन यांचा हा संयुक्त उपक्रम. अर्थसाहाय्य गेट्स प्रतिष्ठानचे. ४९७ गावांचे ५२ समूह पाडण्यात आले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ते चार गटांत वाटले गेले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यांत होत्या. तीन गटांना एकेक तपासणी, तीही एकदाच. चौथ्या गटाला कोणतीही तपासणी नाही. त्या भागात जी नेहमीची आरोग्यसेवा होती, तेवढीच.

६/ २००९ साली अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आठ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. चौथ्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. पॅप आणि आम्लाच्या पाहणीने या चाचणीत लक्षणीय घट दिसली नाही.

७/ आता त्या ६४ जणींकडे पाहू. त्या नसत्या, तर ३४ या आकड्याला अर्थच उरला नसता. तुलना करण्यास कुणीतरी हवेच. पण पॅप तपासणी १९४० च्या दशकापासून जगाला ठाऊक होती. मग एका गटाला काहीच न देणे न्याय्य होते काय? एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरांनी आणि इतर टीकाकारांनी हा आक्षेप जाहीरपणे मांडला. हेलसिंकी जाहीरनाम्याचे मूळ तत्त्वही हेच, की नव्या उपायाची तुलना सिद्ध झालेल्या सर्वोत्तम उपायाशी व्हावी.

८/ संशोधकांच्या बाजूने उत्तर असे, की ग्रामीण भारतात तपासणीची व्यवस्थाच नव्हती. चाचणी झाली नसती तरी या स्त्रियांना काही मिळाले नसते. शिवाय श्रीमंत देशांत उत्तम प्रयोगशाळांच्या बळावर यशस्वी ठरलेली पॅप येथे चालेल, हे गृहीत धरता येत नव्हते. निकालानेही ते दाखवले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र ‘येथे काहीच नव्हते’ हा युक्तिवाद संशोधकाला जितका वाचवतो, तितकाच तो शासनव्यवस्थेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो.

९/ २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही डीएनए तपासणी ही पहिल्या पसंतीची पद्धत म्हणून सुचवली. त्यामागील पुराव्यांत आपल्या धाराशिवच्या गावांचा वाटा मोठा आहे. भारत सरकारने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र आम्लाच्या पाहणीचा मार्ग निवडला: तो स्वस्त आहे, निकाल लगेच देतो आणि तमिळनाडूतील दिंडीगुलच्या चाचणीत त्याने मृत्यू कमी केल्याचे दिसले होते.

१०/ आजही कर्करोगाच्या चाचण्यांना सहभागी हवे असतात. भारतातील चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही, सीटीआरआय, २००७ पासून सर्वांसाठी खुली आहे. सहभागी होणाऱ्याने विचारावे: दुसऱ्या गटाला काय मिळणार? इजा झाल्यास भरपाई कोण देणार? मधूनच बाहेर पडता येईल ना? आणि निष्कर्ष हाती आल्यावर तो उपाय माझ्या गावात पोहोचेल काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर संशोधक एकटा देऊ शकत नाही. ज्या स्त्रियांच्या सहभागातून जगाने ही तपासणी पारखून घेतली, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत ती पोहोचणे, हे त्या चौथ्या गटाचे आपल्यावरील देणे आहे.