नौकेतून दिसणारी मराठी काशी

लखनौत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना समुद्र दुरावलेला आहे. मालवण, रत्नागिरी किंवा मुंबईच्या बंदरात नौकेतून शिरताना हळूहळू उलगडत जाणारे शहर पाहण्याचा आनंद आपल्या मुलाबाळांच्या वाट्याला सहसा येत नाही. परंतु आपल्या दारावरून वाहणारी गोमती पुढे काशीच्या खाली कैथीजवळ गंगेला मिळते, आणि त्या गंगेच्या काठी, येथून सुमारे तीनशे किलोमीटरवर, नौकेतूनच पाहावे असे एक नगर उभे आहे. त्या नगराचा जलाभिमुख चेहरा घडविण्यात मराठी हातांचा केवढा मोठा वाटा आहे, याची जाणीव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना असते.

काशीशी आपला संबंध पेशव्यांच्याही पूर्वीचा आहे. संत एकनाथांनी आपला भागवतावरील टीकाग्रंथ शके 1495 मध्ये, म्हणजे इसवी सन 1573 साली, काशीतच पूर्ण केला. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात विश्वेश्वराच्या मंदिराच्या पुनर्बांधणीत पुढाकार घेतला, आणि त्याच घराण्यातील गागाभट्टांनी 6 जून 1674 रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला. पुढे 1735 साली थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस निघाल्या, तेव्हा वाटेतील राजेरजवाड्यांनी त्यांचा जो सन्मान केला, त्यातून मराठी सत्तेचा उत्तरेतील दबदबा प्रकट झाला.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. काशी मराठ्यांच्या राज्यात कधीच आली नाही. अठराव्या शतकात ती आपल्याच अवधच्या नबाबांच्या अंमलाखाली होती. काशी-प्रयाग ही क्षेत्रे आपल्या ताब्यात यावीत, ही पेशव्यांची मोठी आकांक्षा होती. त्यासाठी वाटाघाटी झाल्या, दडपण आणले गेले, परंतु हेतू सिद्धीस गेला नाही. 1761 साली पानिपतावर नबाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूने उभा राहिला आणि ती आशा मावळली. पुढे 1775 साली आसफउद्दौलाने फैजाबादच्या तहान्वये काशीचा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीस दिला. त्याच वर्षी त्याने आपली राजधानी फैजाबादहून लखनौस हलविली. लखनौच्या वैभवाचा आरंभ आणि अवधच्या हातून काशीचे जाणे एकाच वर्षी घडले, हा इतिहासातील विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे.

तलवारीने जे साधले नाही, ते मराठी राजकर्त्यांनी, सरदारांनी आणि विशेषतः स्त्रियांनी दगडी पायऱ्यांनी साधले. याची प्रचीती घ्यावयाची असेल, तर कार्तिक ते फाल्गुन या काळात पहाटे अस्सी घाटावर नौकेत बसावे. पावसाळ्यात गंगा पायऱ्या गिळून टाकते व नौका बंद ठेवाव्या लागतात. म्हणून हाच काळ उत्तम. काशीस गंगा उत्तरवाहिनी आहे. प्रवाहाबरोबर निघाले की घाट डाव्या हातास येतात आणि उगवत्या सूर्याचे किरण थेट त्यांच्यावर पडतात.

अस्सीपासून थोड्याच अंतरावर भदैनी हा भाग लागतो. दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजीअप्पा काशीस राहत असत. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांबे यांची कन्या मणिकर्णिका येथे जन्मली. तीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई. पुढे चेतसिंह घाट येतो. 1781 साली वॉरन हेस्टिंग्जशी झालेल्या संघर्षानंतर काशीचा हा राजा परागंदा झाला, तेव्हा महादजी शिंद्यांनी त्यास आश्रय दिला आणि त्याचे उर्वरित आयुष्य ग्वाल्हेरीस गेले.

केदारघाट मागे टाकल्यावर राजाघाट दिसतो. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे इंग्रजांकडून तनखा पत्करून काशीस येऊन राहिले; हा घाट पक्का बांधण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. राजकारणात अपयशी ठरलेला हा पुरुष काशीस मात्र दानधर्माने व मंदिरांनी स्मरणात राहिला. पुढचा मुन्शी घाट नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर नारायण यांचा. त्यावरील भव्य प्रासाद पुढे दरभंग्याच्या महाराजांकडे गेला आणि आज घाटाचा काही भाग त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्याला लागूनच अहिल्याबाई घाट आहे. येथे नावाड्यास क्षणभर वल्ही थांबविण्यास सांगावे. 1669 साली औरंगजेबाच्या आज्ञेने विश्वेश्वराचे मंदिर पाडले गेले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली, आणि 1780 साली आजचे काशी विश्वनाथ मंदिर उभे राहिले, ते अहिल्याबाई होळकरांच्या द्रव्याने. त्या वेळी काशीवर होळकरांची सत्ता नव्हती. महसूल नाही, अधिकार नाही, तरीही परक्याच्या मुलखात त्यांनी हे कार्य सिद्धीस नेले. 13 डिसेंबर 2021 रोजी विश्वनाथ धामाच्या विस्तारित परिसराचे लोकार्पण झाले. आता घाटावरून थेट मंदिराकडे जाता येते, आणि त्या परिसरात अहिल्याबाईंचा पुतळाही आहे.

दशाश्वमेध, मानमंदिर आणि मणिकर्णिका हे घाट ओलांडले की पाण्यात कललेले रत्नेश्वराचे देऊळ नजरेस पडते. त्यापलीकडील शिंदे घाट दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी 1830 च्या सुमारास बांधविला. बांधकामाच्या प्रचंड भाराने तो खचला व नंतर त्याची दुरुस्ती करावी लागली. याच बायजाबाईंनी 1828 साली ज्ञानवापी विहिरीभोवती स्तंभांचा मंडप उभारला. पुढे नागपूरकरांचा भोसले घाट आपल्या उंच, भक्कम दर्शनी भिंतीमुळे दुरूनही ओळखू येतो. बालाजी घाटावरील मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षे सनईचा रियाज करीत असत, हेही संगीतप्रेमी वाचकांनी जाणून घ्यावे.

पंचगंगा घाटावरील बिंदुमाधवाचे मूळ मंदिर औरंगजेबाच्या काळी नष्ट झाले. आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले. येथील दगडी हजारा दीपस्तंभ अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेला आहे. कार्तिकी पौर्णिमेस, देवदीपावलीच्या रात्री, तो उजळतो तेव्हा आपल्या गावाकडील देवळांपुढच्या दीपमाळांची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. पुढचे दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांच्या कार्याशी निगडित आहेत. या घाटांवरच्या गल्ल्यांतून मराठी वैदिक घराण्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदली. सफर येथे संपवून पायऱ्या चढून त्या गल्ल्यांतून अवश्य फिरावे.

या सर्व वास्तूंकडे केवळ अभिमानाने पाहणे पुरेसे नाही. अनेक मराठी घराणी काशीस आली, ती मुक्कामापुरती नव्हे. त्यांनी तेथील भाषा आत्मसात केली, तेथील लोकांसाठी पायऱ्या, देवळे व अन्नछत्रे उभारली. त्यांच्या वंशजांपैकी कितीकांच्या घरात आज मराठी उरली असेल? आडनावे राहतात, कुलदैवत राहते, पण बोली हलकेच निसटते. दगड पाण्याच्या माऱ्यालाही तोंड देतात. भाषा मात्र रोज बोलली नाही तर एका पिढीत विरते. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे या शहरात जे जपले, त्याचे मोल काशीचे घाट पाहिल्यावर अधिक कळते. अहिल्याबाईंनी परमुलखात मंदिर बांधले. आपल्याला परमुलखात घर मराठी ठेवावयाचे आहे, आणि त्या घराचे दार शेजाऱ्यांसाठी उघडेही ठेवावयाचे आहे.

म्हणून येत्या हिवाळ्यात मुलांना व नातवंडांना घेऊन काशीस जावे, नौकेत बसावे, आणि प्रत्येक घाटाशी त्याचा इतिहास त्यांना आपल्या भाषेत सांगावा.