प्रश्न कोणी विचारायचा? दर्पण ते बारसू, कोकणातल्या पत्रकारांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे भागाचा लेखी मजकूर. बोलीतला सूर मुद्दाम तसाच ठेवलाय.

सुरुवात करूया २४ ऑगस्ट २०२१ पासून. ठिकाण, रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातलं गोळवली. केंद्रीय मंत्री नारायण राणे यांची जन आशीर्वाद यात्रा तिथे आलेली. पोलीस आले आणि एका केंद्रीय मंत्र्याला अटक झाली. दिवसभर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. रत्नागिरीच्या कोर्टात अटकपूर्व जामिनासाठी धावपळ झाली, तो मिळाला नाही. रात्री महाडच्या कोर्टात जामीन झाला. हे सगळं कशामुळे? तर आदल्या दिवशी महाडमध्ये पत्रकारांशी बोलताना त्यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याबद्दल कानाखाली मारण्याच्या भाषेत केलेल्या एका वाक्यामुळे.

हा प्रसंग तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. रील्स निघाल्या होत्या, मीम्स निघाले होते.

आता दुसरी तारीख. ६ फेब्रुवारी २०२३. जिल्हा तोच, तालुका राजापूर. शशिकांत वारीशे नावाचे पत्रकार दुचाकीवर होते. एका पेट्रोल पंपाजवळ थार गाडीनं त्यांना उडवलं आणि फरपटत नेलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्याच सकाळी त्यांची बातमी छापून आली होती, आणि ती ज्याच्याबद्दल होती, तोच त्या गाडीचा चालक असल्याचा आरोप आहे.

दोन्ही घटना एकाच जिल्ह्यातल्या, दीड वर्षाच्या आतल्या. पहिली सगळ्यांना आठवते. दुसरी किती जणांना आठवते? आजचा भाग या प्रश्नासाठी आहे. नेते आणि पत्रकार यांच्यातली खडाजंगी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पत्रकार परिषद येते: माइकची गर्दी, आवाज चढलेला नेता, "पुढचा प्रश्न घ्या" म्हणणारा पीए. पण या भांडणाचा कोकणातला इतिहास बघितला, तर खरा धोका बहुतेक वेळा त्या हॉलच्या बाहेर असतो.

पोंभुर्ल्याचा मुलगा

दरवर्षी ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन असतो. कारण ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत 'दर्पण' सुरू झालं. सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर, गाव पोंभुर्ले. हे गाव आज सिंधुदुर्गातल्या देवगड तालुक्यात येतं. पण १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. म्हणजे मराठी पत्रकारितेचा पहिला माणूस जुन्या रत्नागिरीचा.

'दर्पण'ची रचना बघा. एकाच अंकात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी. मराठी आपल्या लोकांसाठी. आणि इंग्रजी? राज्य करणाऱ्यांना इथले लोक काय विचार करतात ते कळावं म्हणून. त्या काळात पत्रकार परिषद हा प्रकारच नव्हता. गव्हर्नर साहेब कशाला कुणा नेटिव्ह संपादकासमोर उत्तरं द्यायला बसतोय! प्रश्न छापायचा आणि वाट बघायची, एवढंच हातात. 'दर्पण' १८४० मध्ये बंद पडलं, पण प्रश्न छापायची सवय लागली ती लागलीच.

एकशे एक दिवस

पुढचा माणूसही रत्नागिरीचा. बाळ गंगाधर टिळक, जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरी शहर. १८८१ मध्ये टिळक, आगरकर आणि मंडळींनी 'केसरी' आणि 'मराठा' सुरू केले. पहिल्याच वर्षी पत्रं कोर्टात!

झालं असं, कोल्हापूरचे तरुण छत्रपती वेडे झालेत असं सांगून त्यांचा छळ चाललाय, आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा आरोप या पत्रांनी केला. आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात ते एकशे एक दिवस होते. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. आणखी एक गोष्ट शाळेत फारशी सांगत नाहीत: या दोघांच्या जामिनासाठी महात्मा फुल्यांनी खटपट केली. विचार किती वेगळे होते ते तुम्हाला माहितीय. तरीही.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. नेता चिडला की तो नेहमीच चूक आणि पत्रकार नेहमीच बरोबर, असं नसतं. कागद तपासलाच पाहिजे. व्हॉट्सॲपवर आलेला स्क्रीनशॉट पुढे ढकलताना हे लक्षात ठेवा. पण छत्रपतींची काळजी करणारा प्रश्न खोटा नव्हता, पुरावा खोटा होता. हा फरक मोठा आहे.

१८९७ मध्ये मात्र गोष्टच बदलली. प्लेगच्या काळातली सक्ती, पुण्यात रँडचा खून, आणि 'केसरी'तल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला कायद्याचा अर्थ असा समजावला की सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती! म्हणजे द्वेष पसरवला हे सिद्ध करायलाच नको, प्रेम दिसलं नाही तरी पुरे. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १९०८ मध्ये पुन्हा खटला, या वेळी सहा वर्षं, मंडालेला. ते १२४-अ कलम स्वतंत्र भारतातही राहिलं. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते तात्पुरतं थांबवलं, तोपर्यंत टिळकांना जाऊन शंभर वर्षं उलटून गेली होती.

आपले राज्यकर्ते आले

स्वातंत्र्यानंतर पत्रकार परिषद रुळली. जगात हा प्रकार तसा नवाच. अमेरिकेत वुड्रो विल्सन यांनी १९१३ मध्ये पत्रकारांना एकत्र बोलावून प्रश्न घेतले, तिथून अध्यक्षांची पत्रकार परिषद सुरू झाली असं मानतात. कल्पना साधी आहे: ज्यानं आपल्याला निवडून दिलं, तो प्रत्येक जण काही आपल्याला भेटू शकत नाही. मग त्याच्या वतीनं कुणीतरी समोर बसून विचारेल. म्हणजे तिथली खुर्ची पत्रकाराची नसते, तुमची-माझी असते.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि ही खुर्चीच काढून घेतली. छापण्याआधी मजकूर सेन्सॉरला दाखवायचा. राजापूरचे खासदार तेव्हा मधू दंडवते होते. ते बंगळूरच्या तुरुंगात. संसदेत कोण काय बोललं ते छापायला संरक्षण देणारा १९५६ चा कायदाही सरकारनं रद्द केला, तो १९७७ मध्ये परत आला. राजापूरच्या मतदाराचा खासदार आत आणि त्याचा पेपर मुका, अशी अवस्था.

मग १९८१. मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले, गाव आंबेत, रायगड जिल्हा, रत्नागिरीच्या सीमेला लागून. कोकणचा पहिला मुख्यमंत्री म्हणून लोकांना त्यांचं कौतुक. ३१ ऑगस्ट १९८१ ला 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरींचा लेख आला. तेव्हा सिमेंट कोट्यानं मिळायचं. बिल्डर लोक ट्रस्टला देणग्या देतात आणि त्यांना सिमेंट जास्त मिळतं, असा तो आरोप. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. पुढे फौजदारी खटला कितीतरी वर्षं चालला, तो वेगळा विषय. पण एका बातमीमुळे मुख्यमंत्र्याला जावं लागलं, हे महाराष्ट्रानं पाहिलं.

इथे एक गोष्ट नोंदवा. शौरींच्या मागे मोठं इंग्रजी दैनिक होतं, मालक होता, वकील होते. आता आपण तालुक्याला येऊ.

तालुक्याचा वार्ताहर

तुम्ही कधी जिल्ह्याच्या ठिकाणची पत्रकार परिषद बघितलीय? पालकमंत्री येतात, आढावा बैठक होते, मग हॉलमध्ये किंवा विश्रामगृहावर पत्रकार. चहा, बिस्किटं, समोर माइकचा ढीग. मुंबईच्या चॅनेलला हवी असते बाइट, तीही राज्याच्या राजकारणावर. कोण कोणाला काय म्हणाला, यावर तुमचं मत काय? पंधरा मिनिटं त्यात जातात. मग मागच्या रांगेतला एखादा वार्ताहर विचारतो, साहेब, आमच्या गावच्या जमिनीचं काय? आणि साहेब उठायच्या तयारीत असतात.

हा मागच्या रांगेतला माणूस कोण? बऱ्याचदा त्याला पगार नसतो, किरकोळ मानधन असतं. कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. जाहिराती कुणाच्या? वाढदिवसाच्या शुभेच्छा, नियुक्तीबद्दल अभिनंदन. म्हणजे त्याच पुढाऱ्यांच्या, ज्यांना त्यानं प्रश्न विचारायचाय. शिवाय तो त्याच गावात राहतो. मुंबईचा पत्रकार प्रश्न विचारून रात्रीच्या गाडीनं परत जातो. याला सकाळी त्याच नाक्यावर दूध आणायला जायचंय.

तरीही या माणसाकडे एक गोष्ट असते, जी कुठल्याच चॅनेलकडे नसते. आठवण.

रिफायनरीचंच घ्या. आधी नाणार ठरलं. वर्षाला सहा कोटी टन क्षमतेचा प्रकल्प. गावांनी विरोध केला, शिवसेनेनं विरोध केला, आणि मार्च २०१९ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. मग जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री असताना उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून त्याच तालुक्यातली बारसूची जागा सुचवली. सरकार बदललं. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर मातीपरीक्षण सुरू झालं, बायाबापड्या उन्हात सड्यावर बसल्या, पोलिसांनी त्यांना हटवलं. आणि मे महिन्यात ठाकरे बारसूला आले ते विरोधकांच्या बाजूनं.

आता सांगा, "साहेब, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?" हा प्रश्न कोण विचारणार? ज्याच्याकडे जुनी कात्रणं आहेत, ज्याला सातबारा वाचता येतो, प्रकल्प जाहीर व्हायच्या आधी कुठली जमीन कुणी घेतली हे ज्याला माहितीय, तोच. प्रश्न कुठल्याही पक्षाला टोचू शकतो. म्हणून तो सगळ्यांनाच नकोसा असतो.

वारीशे हे काम करत होते. 'महानगरी टाइम्स'साठी ते रिफायनरीच्या जमिनीबद्दल, विरोध करणाऱ्या गावकऱ्यांबद्दल सातत्यानं लिहायचे. शेवटची बातमी होती एका बॅनरबद्दल, रिफायनरीच्या एका स्थानिक समर्थकाचा फोटो देशाच्या आणि राज्याच्या मोठ्या नेत्यांसोबत लागला होता, त्यावर. पोलिसांनी सुरुवातीला सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला. राज्यभरचे पत्रकार रस्त्यावर आले, मग खुनाचं कलम लागलं आणि विशेष तपास पथक नेमलं गेलं.

महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरोधात वेगळा कायदा आहे बरं का. विधिमंडळानं तो २०१७ मध्ये मंजूर केला. हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. कायदा चांगलाच आहे. पण कायदा येतो हल्ला झाल्यावर.

मग आपण काय करायचं?

राणेंच्या त्या वाक्यावर मला इथे निकाल द्यायचा नाही. मला एवढंच दिसतं की त्या दिवशी गोळवलीला जेवढे कॅमेरे होते, त्याच्या दहाव्या हिश्शानं जरी कॅमेरे आधीपासून राजापूरच्या जमीन व्यवहारांवर असते, तर वारीशे एकटे पडले नसते. एकट्या माणसाला गाठणं सोपं असतं. तोच प्रश्न पंधरा जण विचारत असतील, तर कुणाकुणाला गाठणार?

आणि कॅमेरे कुठे वळतात, ते आपल्या अंगठ्यावर ठरतं. खडाजंगीचा व्हिडिओ आपण तीनदा बघतो. जमिनीच्या फेरफाराची बातमी स्क्रोल करून पुढे जातो. चॅनेलवाल्यांना हे आकडे दिसतात, आणि नेत्यांनाही दिसतात. हॉलमध्ये आवाज चढवला की उरलेले प्रश्न आपोआप गळून पडतात, हे त्यांना आपणच शिकवलंय.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. तुमच्या तालुक्याची बातमी देणारा माणूस कोण आहे, त्याचं नाव शोधा. बातमीच्या वर बारीक अक्षरात असतं. त्यानं शेवटचा अवघड प्रश्न कधी आणि कुणाला विचारला ते बघा. बातमी पटली तर शेअर करा, चुकली असेल तर त्यालाच कळवा. जमलं तर पेपर विकत घ्या, वर्गणी भरा. वाढदिवसाच्या जाहिरातींपेक्षा वाचकांच्या पैशावर तो जितका उभा राहील, तितकी त्याची मान ताठ राहील.

जांभेकरांनी प्रश्न छापला तेव्हा वाचणारे मूठभर होते. आज वाचणाऱ्याच्या खिशात फोन आहे. तेवढा फरक आपल्या बाजूनं आहे, तो वापरूया.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि प्रश्न विचारत राहा.