संगणकाच्या पोटातला संगणक

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि बिदर जिल्ह्याचे तीन वाटे पडले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशात, तर बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात. शेजारचा गुलबर्गा (आताचा कलबुर्गी) जिल्हाही बहुतांशी म्हैसूरकडेच आला. माणसे आपल्या गावी, आपल्या शेतावर राहिली. बदलली ती कचेरी आणि कचेरीची भाषा. निजामाच्या अमलात सरकारदरबारी उर्दू चाले, मराठी घरांच्या जुन्या कागदांत मोडी होती, शाळेत बाळबोध, आणि आता राज्यकारभाराची भाषा कन्नड झाली. एकाच शेताचे कागद एका माणसाच्या हयातीत दोन-तीन लिप्यांत लिहिले गेले.

संगणक आल्यावर हेच पुन्हा घडले, फक्त फार वेगाने. कागदावरची लिपी बदलायला पिढी जावी लागे. संगणकातली लिपी साठवण्याची रीत वीस वर्षांत तीनदा बदलली. त्यामुळे औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत काम करणाऱ्यांच्या हाती अशा फायली राहिल्या, ज्या आजच्या संगणकावर उघडतात पण वाचता येत नाहीत. त्या वाचण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे नव्या संगणकाच्या आत जुना संगणक चालवणे. त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. या तंत्राचा आणि या दोन जिल्ह्यांचा संबंध का जुळला, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम त्याआधीच आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केले होते. ते पुण्याला आले आणि त्यातून जिस्ट कार्ड घडले. त्या काळचा पीसी डॉसवर चाले आणि त्याला फक्त इंग्रजी अक्षरे ठाऊक. जिस्ट कार्ड पीसीच्या खाचेत बसवले की पडद्यावर देवनागरी किंवा कन्नड उमटवण्याचे काम ते कार्ड स्वतःकडे घेई. वर्डस्टार किंवा डीबेस यांसारख्या प्रोग्रॅममध्ये काहीही बदल करावा लागत नसे. प्रोग्रॅम आपल्या समजुतीत नेहमीच्याच पीसीवर चालत असे आणि बाहेर मराठी दिसे. यंत्राला ठाऊक नसलेली गोष्ट मधल्या थराने निभावून न्यायची, ही कल्पना व्हर्च्युअल मशीनच्याही मुळाशी आहे.

जिस्टच्या मागे इस्की ही संकेतप्रणाली होती. १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. तिची रचना सीमाभागासाठीच केली असावी इतकी सोयीची होती. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना तिने एकच संकेत दिला. ‘क’ची कळ मराठीलाही तीच, कन्नडलाही तीच. एका लिपीत टाइप केलेले नाव दुसऱ्या लिपीत दाखवणे तिच्यात फारसे अवघड नव्हते.

ही सोय टिकली नाही. विंडोज ९५ आणि ९८ घरोघरी पोहोचल्या, पण त्यांना भारतीय लिप्या येत नव्हत्या. मग फाँटचा मार्ग निघाला. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी किंवा कन्नड अक्षरांचे तुकडे बसवायचे. संगणकाच्या लेखी ती इंग्रजीच, डोळ्यांना मात्र देवनागरी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, शेषाद्रिवासू यांनी १९९८ मध्ये आणलेले बरह, कन्नड गणक परिषदेने तयार केलेले आणि कर्नाटक सरकारने आपलेसे केलेले नुडी, अशी साधने आली. त्यांनी छपाईत क्रांती केली यात शंका नाही. पण कोणता तुकडा कोणत्या अक्षराच्या जागी, याचा प्रत्येकाचा हिशोब वेगळा होता. फाँट नसलेल्या संगणकावर फाइल नेली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे.

महाराष्ट्रातल्या छापखान्याला एका भाषेपुरती ही अडचण सोसावी लागली. लग्नपत्रिका मराठीत, पावतीपुस्तक कन्नडमध्ये आणि निवडणुकीचे पत्रक दोन्हींत, असे काम घेणाऱ्या सीमाभागातल्या छापखान्याला ती दुप्पट सोसावी लागली. त्यातच मायक्रोसॉफ्टचा क्रम आडवा आला. विंडोज २००० मध्ये देवनागरी आणि तमिळ युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतप्रणालीतून लिहिता येऊ लागले, कन्नड मात्र नाही. कन्नड, तेलुगू, गुजराती आणि गुरुमुखी लिप्या २००१ च्या विंडोज एक्सपीत आल्या. म्हणजे एकाच संगणकावर मराठी नव्या रीतीने आणि कन्नड जुन्या रीतीने, असाही एक टप्पा होता. एक्सपीतही भारतीय लिप्यांची सोय आपोआप चालू नसे. सेटिंगमध्ये खूण करून सीडी घालावी लागे. छापखाने फाँटवरच राहिले, कारण त्यांचे मुख्य हत्यार असलेल्या पेजमेकरला युनिकोड येतच नव्हते. आल्डस कंपनीने १९८५ मध्ये काढलेला आणि १९९४ मध्ये अॅडोबीकडे गेलेला पेजमेकर २००१ च्या सातव्या आवृत्तीवर थांबला. त्यानंतर नवी आवृत्ती निघालीच नाही.

याच सुमारास सरकारी कागदही संगणकात गेले. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणणाऱ्या कर्नाटकाच्या भूमी प्रकल्पात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने बनवलेली प्रणाली तालुक्यातालुक्यांत बसली. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे सुमारे २ कोटी उतारे तिच्यात भरले गेले. हाताने लिहिलेल्या पहाणीची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची, वैधता संपली आणि १५ रुपये भरून संगणकावरचा उतारा मिळू लागला. ही सगळी उभारणी तेव्हाच्या विंडोज एनटीवर झाली होती. सरकारी प्रणालीमागे संस्था असते, निधी असतो, ती पुढे नव्या यंत्रांवर नेली जाते. खासगी छापखाना, पतसंस्था, शाळा, देवस्थान यांच्या फायलींना असे कोणी नसते. त्या जिथे टाइप झाल्या तिथेच राहतात.

संगणकात संगणक चालवण्याची कल्पना मात्र पीसीपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत केंब्रिज येथील आयबीएमच्या केंद्रात १९६७ च्या आरंभी सीपी-४० ही प्रणाली चालू झाली. एकाच मोठ्या यंत्रावर अनेक जणांना आपापले स्वतंत्र यंत्र असल्याचा अनुभव ती देत असे. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० बाजारात आणली. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी असे यंत्र कोणत्या अटींवर शक्य आहे ते शास्त्रशुद्ध मांडले. पीसीतले इंटेलचे प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हते. आतल्या प्रणालीने दिलेल्या काही आज्ञा बाहेरच्या थराला न कळता परस्पर पार पडत, त्यामुळे पीसीवर हे जमणार नाही असे बराच काळ मानले जाई.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मेंडेल रोझेनब्लम यांच्या गटाने १९९७ मध्ये डिस्को या प्रयोगातून वाट काढली. पुढच्याच वर्षी रोझेनब्लम, डायान ग्रीन, एडुआर्ड बुनियाँ, स्कॉट डिव्हाइन आणि एडवर्ड वांग यांनी व्हीएमवेअर कंपनी काढली आणि १९९९ मध्ये साध्या पीसीवर चालणारे व्हीएमवेअर वर्कस्टेशन आले. अडचणीच्या आज्ञा चालू असतानाच ओळखून त्यांचा अनुवाद करायचा, ही त्यांची युक्ती. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच ही सोय दिली. जानेवारी २००७ मध्ये जर्मनीतल्या इनोटेकने व्हर्च्युअलबॉक्स या तशाच प्रोग्रॅमची मुक्त आवृत्ती काढली. ती २००८ मध्ये सन कंपनीकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली, पण फुकट राहिली. बिदर-कलबुर्गीसारख्या जिल्ह्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा हाच. महागडा परवाना ज्यांना परवडणार नव्हता, त्यांच्या आवाक्यात हे तंत्र आले.

इथे ते आले ते अभियांत्रिकी महाविद्यालयांतून. कलबुर्गीचे पीडीए महाविद्यालय १९५८ चे, बिदरचे गुरू नानक देव महाविद्यालय १९८० चे, भालकीतही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ बेळगावात स्थापन झाले आणि राज्यभरच्या अशा महाविद्यालयांचा अभ्यासक्रम एक झाला. त्यात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना युनिक्सचे प्रोग्रॅमिंग, लेक्स आणि याक, पुढे नेटवर्कच्या प्रात्यक्षिकाला एनएस-२ अशी साधने आली. ही सगळी लिनक्सवर सुखाने चालणारी. घरचा लॅपटॉप मात्र विंडोजचा, आणि तो बहुधा घरातला पहिलाच संगणक.

आधीचा उपाय होता तो एकाच डिस्कचे भाग करून दोन प्रणाली शेजारी शेजारी बसवण्याचा. भाग करताना एक आकडा चुकला की डी ड्राइव्ह पुसला जाई आणि त्याबरोबर घरातले लग्नाचे फोटोही जात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ही भीती उरली नाही. आतल्या प्रणालीची संपूर्ण डिस्क म्हणजे बाहेरच्या संगणकावरची एक फाइल. आतली प्रणाली त्या घरात भाडेकरूसारखी राहते. तिला ठरवून दिलेली रॅम आणि जागा मिळते, मालकाच्या खोल्यांत तिला जाता येत नाही. काही बिघडले तर आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर, म्हणजे जतन केलेल्या स्थितीवर, परतता येते. अडचणी होत्याच. ४ जीबी रॅमपैकी २ जीबी आतल्या उबुंटू लिनक्सला दिली की दोन्ही प्रणाली संथ होत. प्रोसेसरमधली सोय बायोसमध्ये बंद असली तर ६४ बिटची प्रणाली आत चालतच नसे, आणि बायोसमधली ती ओळ शोधून चालू करणे हा विद्यार्थ्याचा पहिला धडा ठरे.

विद्यार्थ्यांना विंडोजच्या आत लिनक्स हवे होते. छापखान्यांची गरज निराळी होती. त्यांना नव्या विंडोजच्या आत जुने विंडोज हवे होते.

८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार काढून घेतला. त्यानंतर घेतलेल्या संगणकांत ६४ बिटचे विंडोज येई. त्यावर डॉसचे आणि विंडोज ३.१ च्या काळातले १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, आणि पेजमेकरही नव्या विंडोजवर भरवशाने चालत नाही. ही अडचण मायक्रोसॉफ्टलाही ठाऊक होती. २००९ च्या विंडोज ७ मध्ये, तिच्या महागड्या आवृत्त्यांसाठी, कंपनीने स्वतःच एक्सपी मोड दिला होता. तोही व्हर्च्युअल मशीनच. पुढच्या विंडोजमध्ये तो उरला नाही, पण व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी आजही चालते. तिला ५१२ एमबी रॅम आणि १०-२० जीबी जागा पुरते, आजच्या साध्या लॅपटॉपलाही ती सहज देता येते. आतल्या एक्सपीत पेजमेकर, श्रीलिपी आणि नुडी बसवायचे, पान तयार करून त्याची पीडीएफ काढायची आणि सामायिक फोल्डरमधून ती बाहेरच्या संगणकावर घ्यायची. सॉफ्टवेअरचा परवाना तपासणारे यूएसबीचे डोंगलही आत जोडता येते. एक्सपीला आता सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही, म्हणून तिचे नेटवर्क बंद ठेवणे हा नियम पाळावाच लागतो.

मग सगळ्या फायली एकदाच युनिकोडमध्ये का बदलू नयेत? बदलायलाच हव्यात, आणि त्यासाठी कन्व्हर्टरही आहेत. पण ते पूर्ण बिनचूक नसतात. मराठीतली जोडाक्षरे आणि रफार, कन्नडमधले ओळीखाली येणारे ओत्ताक्षर, पेजमेकरमध्ये हाताने सरकवून बसवलेली मात्रा, अशा ठिकाणी चुका राहतात. आडनाव, सर्व्हे नंबर किंवा वंशावळीतला संबंध चुकला तर कागद निरुपयोगी होतो. मूळ पान जसे छापले गेले तसे डोळ्यांसमोर असेल तरच रूपांतर तपासता येते, आणि मूळ पान जसेच्या तसे दाखवते ती जुनी प्रणाली.

यात पणाला काय लागले आहे, ते या भागात राहणाऱ्यांना सांगायला नको. कर्नाटकात राहून मराठी लिहिणाऱ्यांचे छापील जग मुळातच लहान आहे. मराठी माध्यमाच्या शाळांची स्मरणिका, वारकरी सप्ताहाच्या पत्रिका, स्थानिक साप्ताहिके, गावच्या संस्थांचे अहवाल हे बहुतेक लहान छापखान्यांत जुळले. त्यांच्या प्रती मोजक्या निघतात आणि त्या दूरच्या ग्रंथालयांपर्यंत क्वचितच पोहोचतात. कागद फाटला, वाळवीने खाल्ला, की मागे उरते ती फक्त जुन्या संगणकातली फाइल. १ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्गा अधिकृतपणे कलबुर्गी झाले. त्याआधीच्या या फायलींत शहराचे जुने नाव आहे, त्या वेळची माणसे आहेत, दोन भाषांच्या शेजाराचा रोजचा पुरावा आहे. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये बिदरात मदरसा उभारला. सतराव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीच्या दारूच्या स्फोटात त्याचा मोठा भाग कोसळला आणि त्याच्या नावाजलेल्या ग्रंथालयाचे ग्रंथ आज तिथे नाहीत. तो नाश थांबवणे कोणाच्या हातात नव्हते. आजचा नाश थांबवता येतो.

त्याची कृतीही अवघड नाही. जुना एक्सपीचा संगणक अजून चालू होत असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच डिस्क२व्हीएचडी या फुकट साधनाच्या एक्सपीवर चालणाऱ्या जुन्या आवृत्तीने त्याच्या संपूर्ण हार्डडिस्कची एक फाइल करता येते, फाँट, पेजमेकर, फायली सगळ्यांसकट, आणि ती व्हर्च्युअलबॉक्समध्ये उघडता येते. पहिल्यांदा निळा पडदा येऊ शकतो, एक्सपी पुन्हा नोंदणी मागू शकते, परवान्याच्या अटीही पाहाव्या लागतात. त्यावर मार्ग निघतो. बंद पडलेल्या हार्डडिस्कमधून मजकूर परत मिळवणे मात्र फार खर्चाचे असते आणि नेहमी जमतेच असे नाही.

म्हणून बिदर आणि कलबुर्गीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या एखाद्या प्रकल्पासाठी हा विषय घ्यावा. हे तंत्र त्यांच्या विद्यार्थ्यांना येते आणि फायली त्यांच्याच तालुक्यात पडून आहेत. छापखान्यांनी आणि शाळांनीही जुना डबा भंगारात देण्याआधी त्यातली हार्डडिस्क काढून ठेवावी, तिच्यावर वर्ष आणि वापरलेल्या फाँटचे नाव लिहावे, आणि ती चालू आहे तोवरच तिची प्रत करून घ्यावी.