बेंजोची सुपारी

बेंजो पार्टी कधी काढलीत, असं नानांना विचारलं तर ते साल सांगत नाहीत. "त्या वर्षी भात बरं झालं होतं," एवढंच. वाद्याचे पैसे त्या भातातूनच निघाले. झोडणी उरकली की हात रिकामे आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू. मिरगापर्यंत वाजवायचं, मग अख्खी पार्टी आवणीला चिखलात.

वाद्य मात्र फार लांबून आलेलं. जपानात नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली ताईशोगोतो काढलं, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून. आपल्याकडे त्याचा बुलबुल तरंग झाला आणि मुरबाड-शहापूरच्या मांडवात बेंजो. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. वीज नव्हतीच. कुणाच्या तरी जीपची बॅटरी मागून आणायची, बैलगाडीला बांबू बांधून वर भोंगा चढवायचा आणि किन्हवलीहून सरळगावकडे निघायचं. बॅटरी उतरली की बेंजो मुका, मग वरात ताशेवाल्याच्या जिवावर.

गाणी सगळी सिलोनवरची. बिनाका गीतमाला हॉटेलाबाहेर उभं राहून ऐकायची. अर्धी चाल तिथे, उरलेली अंदाजाने. साठच्या दशकात आयर्लंडमध्येही शोबँडवाले गाडीत वाद्यं घालून गावोगाव लोकांच्या तोंडी असलेलीच गाणी वाजवत फिरत होते. नाचणाऱ्याला नवं कुठे हवं असतं?

हळदीला मात्र सिनेमा चालत नसे. आगरी घरात धवले गाणारी धवलारीण बसलेली असायची. एकदा नानांनी घाई केली, तशी म्हातारी थांबली. "तुझ्या पेटीला माझा सूर येतो का रं?" नानांनी बटणं चाचपली. तिचा गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा. नेमकी ती घसरण दोन बटणांच्या मधे राहायची. शेवटी तिनेच तोड काढली. तिने ओळ म्हणायची, मागून नानांनी तीच वाजवायची. त्या घसरणीपाशी नाना हात उचलून घेत. आसपासच्या गावांत त्यांच्या पार्टीचं नाव झालं ते यामुळे. सिनेमाची गाणी काय, सगळेच वाजवत होते.

पुढे कॅसिओ आला, ऑक्टोपॅड आला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहाला भोंगा बंद झाला. पोरं कुरकुरतात, नानांना तो नियम पसंत आहे. त्यांच्या वेळी मालक पहाटेपर्यंत वाजवून घ्यायचा आणि सुपारीचे उरलेले पैसे मागायला गेलं की चहा पाजून वाटेला लावायचा.