शांततेचा खर्च कोणी भरला?

टॉक टॉक या इंग्लिश बँडची 'स्पिरिट ऑफ ईडन' ही कॅसेट मी कॉलेजात असताना पहिल्यांदा लावली, तेव्हा आवाजच नीट येईना म्हणून टेपचे हेड दोनदा पुसले. बिघाड नव्हता. संगीताची सुरुवातच तशी होती: दुरून येणारे ट्रम्पेट आणि भोवती जवळजवळ काहीच नाही. तीस वर्षे उलटली, त्या बँडविषयीचा आदर ओसरलेला नाही. त्याभोवतीची दंतकथा मात्र मला आता जशीच्या तशी मान्य नाही.

दंतकथा अशी, की मार्क हॉलिस यांनी बाजाराला लाथ मारली आणि त्यातून पोस्ट-रॉक जन्मले. घटनाक्रम वेगळे सांगतो. १९८१ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेला हा बँड आधी सिंथेसायझरवरची पॉप गाणी करत असे. १९८६ चा 'द कलर ऑफ स्प्रिंग' युरोपात चांगला खपला. त्या खपाच्या जोरावर ईएमआय कंपनीने पुढच्या अल्बमसाठी हात मोकळा सोडला. वेसेक्स स्टुडिओत काम महिनोन्‌महिने चालले. ध्वनिमुद्रक फिल ब्राऊन यांनी ते दिवस वर्णिले आहेत. खोलीत जवळजवळ अंधार असे. वादकांनी तासन्‌तास सुचेल ते वाजवायचे आणि हॉलिस व टिम फ्रीज-ग्रीन यांनी त्यातले बहुतेक टाकून मोजके स्वर ठेवायचे. नायजेल केनेडींचे व्हायोलिनही याच चाळणीतून गेले.

१९८८ मध्ये आलेल्या या अल्बमात रचना सहाच. पुढे कराराचा वाद कोर्टात गेला, बँड कंपनीतून सुटला, १९९१ मध्ये 'लाफिंग स्टॉक' देऊन थांबला. समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी 'पोस्ट-रॉक' ही संज्ञा रूढ केली ती १९९४ मध्ये. म्हणजे ज्यांना आपण प्रवर्तक म्हणतो, त्यांच्या हयात कारकिर्दीत हे नावच नव्हते.

तेव्हा त्या शांततेचा खर्च लोकप्रिय गाण्यांनी भरला, असे म्हणावे लागते. याने माझा आदर उणावत नाही. यशाचा पैसा बहुतेक जण तेच यश पुन्हा मिळवण्यात घालतात. यांनी तो गाळण्यात घातला.

मीही कुठल्या संस्थेच्या पगाराविना संशोधन करतो. दप्तरखान्यातल्या माझ्या दिवसांचा खर्च पत्नीच्या नोकरीतून निघाला. स्वतःला 'स्वतंत्र संशोधक' म्हणवताना हे मी आजवर कुठे लिहिले नव्हते.